जुना रेसिंग गेम आणि ग्राफिक कार्ड: दोष नक्की कशात आहे ते कसं शोधायचं

नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड २००५ च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा त्याला किमान ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड आणि २५६ एमबी रॅम पुरत होती. आज लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या दुकानात मिळणारं अगदी स्वस्त कार्डसुद्धा एक-दोन जीबीचं असतं. तरीही तक्रार ठरलेली: गेम टाकला, चालू केला, पडदा काळा झाला आणि परत डेस्कटॉप आला. मग सीपीयू उचलून दुकानात न्यायचा आणि दोन मिनिटांत ऐकायचं, "कार्ड गेलंय, नवीन टाका."

नवीन कार्डाचे पैसे मोजण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. मेमरी गरजेच्या कितीतरी पट असताना कार्ड 'कमी पडतं' हे म्हणणं पटण्यासारखं नाही. जुन्या गेमच्या बाबतीत बहुतेक वेळा ड्रायव्हर (विंडोजला कार्डाशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर), त्या काळचा गेम आणि आजचं विंडोज यांचं न जुळणं, उष्णता किंवा घरातली वीज आडवी येते. कार्ड खरोखर मेलेलंही असतं, पण ते शेवटी सिद्ध करायचं. एक पथ्य मात्र कडक पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच गेम चालवून बघा. ड्रायव्हरही बदलला, सेटिंगही बदलली, विंडोजही नवं टाकलं, तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि महिन्याने तोच त्रास आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आधी लक्षण बघा

'गेम चालत नाही' एवढ्यावर काही ठरत नाही. रंगीत ठिपके, आडव्या-उभ्या रेघा, फाटलेले त्रिकोण दिसत असतील तर ते कधी दिसतात ते पाहा. पीसी चालू करताच बायोसच्या पडद्यावरच, म्हणजे विंडोज यायच्याही आधी रेघा येत असतील, तर गेमचा आणि ड्रायव्हरचा काही संबंध नाही. केबल, मॉनिटर किंवा कार्ड, या तिघांतलं कोणीतरी बिघडलंय. विंडोजमध्ये सगळं स्वच्छ आणि फक्त या एका गेममध्ये घोळ असेल, तर कार्ड शाबूत असण्याची शक्यता मोठी. सगळ्याच गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांनी घोळ सुरू होत असेल, तर उष्णतेकडे किंवा विजेकडे बघा.

केबल-मॉनिटरचा आणि कार्डाचा दोष वेगळा करायला सोपा मार्ग आहे. रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून उघडा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा असतील तर चित्र कार्डातच बिघडतंय. तो स्वच्छ असेल तर चित्र बरोबर तयार होतंय आणि वाटेत बिघडतंय. केबल बदला, दुसरा मॉनिटर लावा.

गेम मध्येच बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडा. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं, असा तिचा अर्थ. कार्ड दोन सेकंद अडकून राहिलं की विंडोज हे आपणहून करतं. तशी एकही नोंद नसेल आणि गेम नुसताच बाहेर फेकत असेल, तर संशय कार्डावरून काढून गेमवर न्या.

गेम कोणत्या कार्डावर चालतोय?

पीसीच्या मागे मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. मदरबोर्डवर एक पोर्ट असतो आणि खाली कार्डावर वेगळा. साफसफाईनंतर केबल वरच्या पोर्टात जाते आणि विकत घेतलेलं कार्ड महिनोन्‌महिने रिकामं बसून राहतं. हे मी इतक्या घरी पाहिलंय की पहिला हात तिथेच घालतो.

मग विंडोजची खिडकी आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरं टाइप करा. डिस्प्लेच्या पानावर कार्डाचं नाव दिसेल. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' असं असेल तर कार्डाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि अशा अवस्थेत कोणताही रेसिंग गेम धड चालणार नाही.

लॅपटॉपमध्ये इंटेलचं आणि एनव्हिडियाचं अशी दोन ग्राफिक्स असतील, तर जुना गेम अनेकदा पहिलंच धरतो. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, गेमची स्पीड डॉट ईएक्सई फाइल यादीत घाला आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा.

ड्रायव्हर

ड्रायव्हर सगळ्यात नवा तोच चांगला, ही समजूत जुन्या कार्डांच्या बाबतीत चुकीची आहे. प्रत्येक पिढीच्या कार्डाला कंपनी एका टप्प्यावर शेवटचा ड्रायव्हर देते आणि थांबते. एनव्हिडियाच्या जीफोर्स २१० सारख्या कार्डांसाठी तो ३४२.०१ आहे. फर्मी पिढीच्या ४०० आणि ५०० मालिकेसाठी ३९१.३५. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० मालिकेतले ड्रायव्हर चालतात. जीटी ७३० घेतलेल्यांनी जास्त जपायचं, कारण या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा, ते चिपची पिढी सांगेल, आणि त्यावरून ड्रायव्हर ठरवा. एएमडीच्या एचडी ७००० मालिकेतल्या जीसीएन चिपच्या कार्डांसाठी २२.६.१ हा शेवटचा टप्पा.

ड्रायव्हर बदलताना जुना पूर्ण काढावा लागतो. एकावर एक टाकत गेलेल्या ड्रायव्हरांचे अवशेष गेमला अडवतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, ते उतरवून घ्या. नवा ड्रायव्हरही आधीच उतरवून डी ड्राइव्हवर ठेवा. मग इंटरनेट बंद करा, विंडोज सेफ मोडमध्ये चालू करा, डीडीयूने जुना ड्रायव्हर पुसा, पीसी रीस्टार्ट करा आणि इंटरनेट बंदच ठेवून नवा टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट तुमच्या आधी आपल्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

'ड्रायव्हर पॅक' नावाने पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या गठ्ठ्यांपासून दूर राहा. त्यातून ग्राफिकचा ड्रायव्हर कुठला बसला ते कळत नाही आणि सोबत नको ती चार सॉफ्टवेअर येतात.

गेम उघडतच नसेल तर

मूळ डीव्हीडी कपाटात जपून ठेवली असेल आणि विंडोज १० वर ती चालत नसेल, तर कार्डाला बोल लावू नका. त्या काळातल्या अनेक गेमवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोकादायक म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ठेवलाच नाही, आणि २०१५ च्या सप्टेंबरात जुन्या विंडोजवरही एका अपडेटने बंद केला. जुना एक्सपीचा पीसी घरात पडून असेल, तर इंटरनेट न जोडता फक्त गेमसाठी ठेवणं हा अशा डीव्हीडीसाठी प्रामाणिक उपाय आहे. त्याहून जुन्या, नव्वदच्या दशकातल्या काही गेमचं इन्स्टॉलरच १६ बिटचं असतं आणि ६४ बिट विंडोजवर ते उघडतच नाही.

'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी एखादी फाइल सापडत नाही असा संदेश आला, तर विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ (गेम ज्या भाषेत कार्डाशी बोलतो ती) आहे म्हणून बिनधास्त राहू नका. डायरेक्टएक्स ९ च्या त्या साहाय्यक फाइली नव्या विंडोजसोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका, सगळा संच एकदम बसतो. एकेक डीएलएल फाइल भलत्या साइटवरून उतरवून आणणं म्हणजे व्हायरसला घरात घेणं.

गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलेला असेल तर डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करून तिथे हलवा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये विंडोज गेमला लिहू देत नाही, त्यामुळे सेटिंग टिकत नाहीत आणि पुढे सांगितलेल्या फाइलीही नीट काम करत नाहीत. एवढं करूनही गेम सुरुवातीलाच अडकत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर त्या गेमला एकच कोअर देऊन बघा. हे गेम एका कोअरच्या प्रोसेसरच्या जमान्यात लिहिलेले आहेत आणि चार-आठ कोअर दिसले की काही जण गोंधळतात.

चित्र, रंग, वेग: मधला दुभाषी

आता खरा मामला. जुना गेम डायरेक्टएक्स ७, ८ किंवा ९ च्या भाषेत बोलतो. नव्या कार्डांचे ड्रायव्हर ती भाषा ओळखतात, पण तिच्यावर आता कोणी मेहनत घेत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांमध्ये आणि १२ व्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये तर डायरेक्टएक्स ९ थेट नाहीच, भाषांतर करूनच चालवलं जातं. त्यात जुन्या गेमचा मेमरी मोजण्याचा हिशेब ३२ बिटांचा. कार्डावर चार जीबीपेक्षा जास्त मेमरी असली की आकडा ओलांडून पुन्हा शून्यापासून मोजला जातो, आणि आठ जीबीच्या कार्डावर गेम म्हणतो 'व्हिडिओ मेमरी पुरेशी नाही'. हा संदेश वाचून अजून मोठं कार्ड घेणारे लोक आहेत, म्हणून इतकं खोलात सांगतोय.

यावर दोन मोफत साधनं आहेत, दोन्ही दुभाष्याचं काम करतात. डीजीव्हूडू २ हे ग्लाइड (त्या काळातली दुसरी ग्राफिक्स भाषा) आणि डायरेक्टएक्स १ ते ९ च्या सूचना डायरेक्ट३डी ११ किंवा १२ मध्ये बदलतं. नीड फॉर स्पीड २ एसई किंवा मिडटाउन मॅडनेस अशा १९९७ ते २००० च्या गेमसाठी मी आधी हेच घेतो. डीएक्सव्हीके हे डायरेक्टएक्स ९ च्या सूचना व्हल्कन या नव्या ग्राफिक्स भाषेत बदलतं. मोस्ट वाँटेड, अंडरग्राउंड २, फ्लॅटआउट २ या पिढीला, कार्ड नवं असेल तर, ते चांगलं लागू पडतं.

बसवण्याची रीत सारखीच. डीएक्सव्हीकेच्या झिपमध्ये एक्स३२ नावाचं फोल्डर आहे, त्यातली डी३डी९ डॉट डीएलएल उचला आणि गेमच्या स्पीड डॉट ईएक्सईच्या शेजारी ठेवा. डीजीव्हूडूमध्ये, गेम डायरेक्टएक्सचा असेल तर, एमएस फोल्डरातल्या एक्स८६ मधल्या फाइली घ्यायच्या, सोबत त्याचा कंट्रोल पॅनेल. तुमचं विंडोज ६४ बिटचं असलं तरी ३२ बिटच्याच फाइली लागतात, कारण गेम ३२ बिटचा आहे. सिस्टिम३२ मध्ये काहीही टाकू नका, तिथे टाकलं तर अख्खं विंडोज बिघडतं. डीजीव्हूडूच्या पॅनेलमध्ये डायरेक्टएक्सच्या पानावर व्हिडिओ मेमरी २५६ एमबी निवडली की वरचा मेमरीचा गोंधळ मिटतो.

साधन खरंच चालू झालं का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. डीएक्सव्हीके सहसा गेमच्या फोल्डरात स्वतःची लॉग फाइल तयार करतं. डीजीव्हूडूमध्ये वॉटरमार्क चालू ठेवला तर पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह दिसतं. काहीच दिसत नसेल तर फाइल चुकीच्या फोल्डरात आहे किंवा अँटिव्हायरसने उचलून नेली आहे.

मात्र सगळ्यांना दुभाषी लागत नाही. आपल्याकडे कंपन्यांतून निघालेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय३, आय५ पीसी भरपूर विकले जातात. त्यांचं इंटेल ग्राफिक्स डायरेक्टएक्स ९ थेट समजतं आणि विंडोजवर व्हल्कनचा ड्रायव्हर त्यांना मिळतच नाही. तिथे डीएक्सव्हीके टाकलं की चालणारा गेमही बंद पडतो. फाइल काढून टाका, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ठेवा, मोस्ट वाँटेड त्यावर व्यवस्थित पळतो. एनव्हिडियाच्या केप्लरसारख्या मधल्या पिढीच्या कार्डावर डीएक्सव्हीकेच्या २ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्या चालत नाहीत, कारण त्यांना व्हल्कन १.३ लागतं. त्यांनी १.१० ची मालिका घ्यावी.

चित्र ताणलेलं, गाड्या बसक्या दिसत असतील तर तो बिघाड नव्हे. मोस्ट वाँटेडमध्ये रुंद पडद्याचं रिझोल्यूशनच नाही, सगळं जुन्या चौकोनी पडद्यासाठीचं. त्यासाठी वाइडस्क्रीन फिक्स मिळतो, पण गेम १.३ आवृत्तीचा हवा.

अडखळत चालणाऱ्या गेममध्ये सगळ्या सेटिंग खाली ओढण्याची गरज नसते. मोस्ट वाँटेडमध्ये गाडीवरचं प्रतिबिंब किती वेळा बदलायचं ही सेटिंग आणि सावल्या या दोन गोष्टी कार्डावर जास्त भार टाकतात. त्या आधी कमी करा, मग अँटिअलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणारी सेटिंग. रस्त्याचा आणि गाडीचा तपशील शक्यतो राहू द्या, गेमचं रूप त्यात आहे. उलट कार्ड ताकदीचं असेल तर व्हीसिंक, म्हणजे चित्रांचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग, चालू ठेवा. तो बंद असला की मेनूच्या साध्या पानावरसुद्धा कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं काढत बसतं आणि विनाकारण तापतं. काही जुन्या गेममध्ये तर सेकंदाला ६० चित्रांच्या वर गेलं की गाडीची हालचालच बिघडते.

उन्हाळा, धूळ आणि कापूस

पुण्यातला माणूस हा भाग दोन ओळींत संपवेल, आपल्याला ते परवडत नाही. हीटसिंक, म्हणजे कार्डावरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी, कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानापेक्षा कार्ड किती वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. डिसेंबरात खोली २५ अंशांवर आणि कार्ड ७० वर असेल, तर फरक ४५ चा. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखालची खोली ४२ वर जाते, तेव्हा तेच कार्ड, तोच गेम, ८७ अंश. हिवाळ्यात धडधाकट असलेलं कार्ड उन्हाळ्यात 'अचानक खराब' होतं ते असं. त्यात जाळीत धूळ बसलेली असेल तर फरक ४५ चा ६० होतो.

जीपीयू-झेडच्या सेन्सर्सच्या पानावर तापमानाची नोंद फाइलमध्ये ठेवता येते. ती चालू करून वीस मिनिटं गेम खेळा, मग फाइल बघा. ८० च्या आत असेल तर उष्णतेचा विषय संपला. ८५ च्या वर असेल तर साफसफाई करा. ९५ च्या पुढे जात असेल तर खेळणं थांबवा.

साफ करताना प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेली वीज निघू द्या, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि मगच कार्ड काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. जालना-परभणीकडे जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या किंवा घरात कापूस साठवणाऱ्यांच्या कार्डात नुसती धूळ नसते, तंतूंचा नमदा बसलेला असतो. तो ब्लोअरने उडत नाही. पंख्याचे स्क्रू काढून मऊ ब्रशने ओढूनच काढावा लागतो. वेचणीचा हंगाम संपला की दरवर्षी हे करा. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा, मटारच्या दाण्याहून कमी पुरते. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि चुरा झटका. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आणलेली कितीतरी कार्डं एवढ्यानेच उठतात.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. थंड वाटते, पण ओली असते आणि बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार क्षार घेऊन आत जातात. पीसी कूलरच्या बाजूला ठेवा, झोतात नको.

वीज

संध्याकाळी गेम बंद पडतो आणि रात्री बारानंतर तोच गेम दोन तास चालतो, असं होत असेल तर मॉनिटरकडे बघत बसू नका. रब्बीत मोटारी चालू झाल्या की डीपीवर भार येतो आणि घरातलं व्होल्टेज खाली जातं. स्वस्त एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) अशा वेळी कार्डाला पुरेशी वीज देऊ शकत नाही, आणि गेममध्ये कार्डाची मागणी एकदम वाढते. मल्टिमीटरने त्या वेळचं व्होल्टेज मोजा किंवा वायरमनकडून मोजून घ्या.

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनची केबल आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. जीटी ७१० जेमतेम १९ वॅटचं, ते कोणत्याही एसएमपीएसवर चालेल. पण आठ पिनच्या जुन्या मोठ्या कार्डाला नाव नसलेला '४५० वॅट'चा डबा जोडला तर तो आकडा फक्त स्टिकरवर असतो. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटपर्यंतच पेलतो, हेही हिशेबात धरा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजची गळती उभी राहते, आणि चालू पीसीला एचडीएमआय केबल लावताना कार्डाचा पोर्ट जळू शकतो. केबल नेहमी दोन्ही बाजू बंद करूनच लावा. अर्थिंग केलेलं असलं तरी उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडी पडते आणि त्या खड्ड्याचा उपयोग राहत नाही. त्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. अर्थिंगचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कार्ड खरंच गेलं असेल तर

दुसऱ्याच्या चालू पीसीत तुमचं कार्ड लावा आणि त्याचं कार्ड तुमच्यात. दोष कार्डासोबत गेला तर निकाल लागला. हीट गन मारून 'रिपेअर' करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते काही दिवस किंवा आठवडे चालतं आणि पुन्हा तिथेच येतं.

सेकंड हँड घेताना खोट्या कार्डांपासून सावध राहा. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या चिपच्या कार्डांचं बायोस, म्हणजे कार्डात लिहिलेली ओळख, बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जातात. विंडोज फसतं, जीपीयू-झेड फसत नाही, ते नावापुढे 'फेक' असं लिहून दाखवतं. म्हणून विकणाऱ्याच्या समोरच जीपीयू-झेड उघडा, मग तापमानाची नोंद चालू ठेवून अर्धा तास गेम चालवायला सांगा. त्यालाही नाही म्हणाला तर कार्ड तिथेच ठेवून निघा. फक्त मोस्ट वाँटेडच्या काळातले गेम खेळायचे असतील, तर सहा पिनची केबल न लागणारं केप्लर किंवा त्यानंतरच्या पिढीचं कार्ड घ्या. आपल्या विजेवर आणि आपल्या उन्हाळ्यात तेच जास्त टिकतं.